बऱ्याच अंशी सहमत

पेण, ८ ऑगस्ट २०२५

चि. समीक्षा,

आशीर्वाद आहेतच, गुणांचं तेवढं बघावं लागेल.

प्रश्न होता, 'प्लास्टरच्या गणेशमूर्तींवर बंदी घालणे योग्य आहे. या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?' आणि तू पहिल्याच ओळीत ठोकून दिलंस, 'मी पूर्णपणे सहमत आहे.' अगं, प्रश्न 'कितपत' असा आहे. वाण्यानं साखर किती देऊ विचारलं तर 'हो' म्हणून कसं चालेल? माझ्या खिडकीसमोर मूर्तींचा कारखाना आहे. सध्या दारात ट्रक उभे आहेत आणि रंगाचा वास माझ्या भातालाही लागतोय. तिथे सोंडा रंगवणाऱ्या बायांचं वर्षाचं पोट त्यावर आहे. तुझ्या उत्तरात त्यांना एक ओळ नाही? खाडीत हात तुटलेले गणपती तरंगतात तेही लिही आणि या बायाही लिही. दुसऱ्या बाजूला आधी बसायला पाट द्यायचा, मग वाटलं तर भांडायचं.

पद्धत लक्षात ठेव. विधान कुठवर खरं आहे ते आधी. मग 'तथापि'. मग निष्कर्ष, आणि त्यात तू कुठवर सहमत आहेस ते ठाम सांगायचं. पूर्ण सहमत आणि पूर्ण असहमत, ही दोन्ही उत्तरं न वाचलेल्यांची. उभा जन्म कॉलेजात इतिहास शिकवून मला एवढंच खात्रीनं कळलंय.

आणि 'फोनवर फोटो पाठवू का' असं पुन्हा विचारू नकोस. गोळे काळे करायचे दिवस गेले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता लिहिण्याची झाली आणि तुमची बोटं फक्त काचेवर फिरतात. म्हणून पत्रच, हातानं, शाईनं.

पुढचा प्रश्न: 'औद्योगिक वसाहतींमुळे कोकणातील तरुणांचे स्थलांतर थांबले. कितपत सहमत?' विषय तुझ्या अंगणातला आहे. दादा इतकी वर्षं धाटावला कंपनीत आहे, त्याला विचार. तो ताकास तूर लागू देणार नाही, तरी विचार. अनितावहिनीला नमस्कार.

तुझी,
वैशालीआत्या

---

रोहा, १७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,

नमस्कार, आणि साखर पाव किलो.

बाबांना विचारलं. म्हणाले, "माझा भाऊ ठाण्याला गेला, मी हितं ऱ्हायलो. म्हंजे निम्मं थांबलं," आणि डबा उचलून शिफ्टला गेले. तेच वाक्य जरा सजवून उत्तरात टाकलंय, ओळखशीलच.

खरी मदत सुशीलदादाची झाली. शेजारच्या ठमाबाईंचा मुलगा, मागच्या वेळी तुझ्यासाठी शहाळी काढायला माडावर चढला होता तो. आता तो बाबांच्याच प्लांटवर कंत्राटी आहे. कंपनीच्या गेटवरच्या केबिनमधला कालचा पेपर तो माझ्यासाठी रोज मागून आणतो. पिशवीत डब्याखाली घडी करून ठेवतो, त्यामुळे माझ्या चालू घडामोडींना सुकटीचा वास येतो. त्याच्या बायकोला, सरूवहिनीला, सातवा लागलाय. तिला तो वास सहन होत नाही, म्हणून तो घरी जायच्या आधी आमच्या ओटीवर येऊन पेपर टाकतो आणि बसतो.

काल त्याला तुझा प्रश्न वाचून दाखवला. तो म्हणाला, "पन ह्ये वाक्य बोल्लं कोन?"

मी म्हटलं, कुणी नाही रे, प्रश्नपत्रिकेत असतंच.

"असं कसं? कुनीतरी बोल्लाच असंल. सायेब बोल्ला असंल तर मी येक सांगन, आन् माझी आयस बोल्ली असंल तर दुसरं."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आत्या, खरंच, विधान कुणाचं ते विचारायची सोय नसते का?

तुझी,
समीक्षा

---

पेण, २४ ऑगस्ट २०२५

चि. समीक्षा,

दहापैकी सहा. 'निम्मं थांबलं' याचे दादाला दोन, तुझे चार.

सुशीलला सांग, परीक्षेत विधान कुणाचंच नसतं. बोलणाऱ्याचं तोंड बघून मत देणं हा ओटीवरचा धंदा झाला. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे करायचं नाही म्हणून तर ही पद्धत. विधान तागडीत घालायचं, तोंड नाही. पोरगा चलाख आहे हो. पेपर आणणं सोडू नकोस म्हणावं, वास मी सोसेन.

पुढचा प्रश्न जरा कठीण देते. 'विकासाची किंमत काही जणांना मोजावीच लागते. कितपत सहमत?' गणपती झाले की सावकाश लिही, पण उदाहरणं ताजी हवीत.

वैशालीआत्या

---

रोहा, २१ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. उत्तर उशिरा पाठवतेय.

'मी या विधानाशी पूर्णपणे असहमत आहे. किंमत मोजावीच लागते असे म्हणणाऱ्याने ती कधी मोजलेली नसते.'

याच्या पुढे लिहिता आलं नाही. ताजी उदाहरणं नाहीत. पेपर आता येत नाही.

घरी सगळे बरे आहेत.

समीक्षा

---

पेण, २७ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा,

दहापैकी दोन, तेही अक्षराचे. हे उत्तर नव्हे, हा तावातावानं लावलेला दरवाजा आहे. आणि पेपर येत नाही म्हणजे काय? सुशीलशी भांडलीस का? भांडली असशील तर मिटव. घरबसल्या पेपर आणून देणारा माणूस तुला पुन्हा मिळायचा नाही.

उदाहरण हवं तर देते. या महिन्यातच धाटावच्या एका कंपनीत वायुगळती होऊन कंत्राटी कामगार गेल्याची चार ओळींची बातमी होती. कंपनीचं नाव नाही, माणसाचंही नाही. वाचून दादाला लगेच फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडं काय नाय. तू बीपीची गोळी घे." जीव भांड्यात पडला. ती घटना घे. कंपनीची बाजू मांड, कामगाराची मांड, मग तोल साध. भावना खऱ्या असतात गं, पण परीक्षक त्या तपासत नाही.

आत्या

---

रोहा, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,

हे पत्र विठूकाकांच्या टेंपोतून पाठवतेय. ते उद्या संध्याकाळी पेणहून परत निघतील. त्यांच्याच हाती उत्तर तपासून दे. एवढी घाई का, ते विचारू नकोस.

तू म्हणालीस ते उदाहरण घेऊन प्रश्न मीच तयार केला आहे.

'सदर अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला. या निष्कर्षाशी आपण कितपत सहमत आहात?'

'हा निष्कर्ष काही अंशी मान्य करता येईल. अपघाताच्या वेळी कामगाराचा मास्क तोंडावर नव्हता, गळ्यात होता. तथापि मास्कची डबी, म्हणजे हवा गाळणारा भाग, कित्येक महिने बदललेली नव्हती. संपलेल्या डबीतून श्वास घेताना गुदमरायला होते, म्हणून प्लांटवरील सर्वच जण मास्क गळ्यात ठेवत असत. व्हॉल्व्ह गळत असल्याचे वरिष्ठांना तोंडी सांगितले होते. त्यामुळे केवळ कामगाराला दोष देणे योग्य होणार नाही.'

दुसऱ्या बाजूला पाट दिलाय ना?

समीक्षा

---

पेण, ६ ऑक्टोबर २०२५

चि. समीक्षा,

शाब्बास! विठू खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात. हे पहिलं उत्तर, जे वाचताना मला लाल पेन खाली ठेवावंसं वाटलं. मास्कच्या डबीचं तर तू जणू तिथे उभी राहून लिहिलंस. कुठून मिळवलंस?

एकच खोट. तुझा कल कामगाराकडे आहे आणि तो दिसतो. मास्क गळ्यात होता हा सर्वांत अडचणीचा मुद्दा तू सुरुवातीला उरकून टाकलास, म्हणजे शेवटापर्यंत वाचणारा विसरेल. अडचणीचा मुद्दा निष्कर्षात आणायचा असतो, त्यालाच प्रामाणिकपणा म्हणतात. आणि 'काही अंशी' हे भित्र्याचं माप. डबी आणि व्हॉल्व्ह आधी घे, मग शेवट असा कर:

'असे असले तरी मास्क तोंडावर नव्हता, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. त्यामुळे सदर निष्कर्षाशी बऱ्याच अंशी सहमत व्हावे लागते.'

नावडत्या बाजूलाही न्याय देणारी मुलगी म्हणून परीक्षक मान डोलावेल. एवढा बदल केलास तर दहापैकी नऊ. दहा मी कुणालाच देत नाही.

आत्या

---

रोहा, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

मला आता खोटं लिहायचं नाही. बाबांनी तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती, ती मोडतेय.

तो कामगार सुशीलदादा होता.

दुपारची शिफ्ट होती. व्हॉल्व्ह पुन्हा गळायला लागला म्हणून बाबा आणि तो वर चढले. बाबा पाना आणायला खाली आले तेवढ्यात वर त्याला गॅस लागला. बाबांनी त्याला खांद्यावर घालून उतरवलं. धाटावहून दवाखान्यापर्यंत बाबा त्याच्याशी बोलत होते आणि तो बोलत नव्हता. सरूवहिनी आमच्या ओटीवर त्याची वाट बघत बसली होती, मी तिचे पाय दाबून देत होते. बाबा आले ते तिच्याकडे न बघता मोरीत गेले आणि अंगावर पाणी ओतत राहिले. तेव्हाच तिला कळलं.

महिन्यानं कंपनीचा साहेब घरी आला. छापील कागद होता. वर लिहिलेलं, 'सदर अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला. या निष्कर्षाशी आपण सहमत आहात काय? आपले म्हणणे लिहा.' खाली दहा गुणांएवढी जागा. आत्या, मला वेड्यासारखं हसू आलं. बाबांचं लिहिणं सहीपुरतं, म्हणून तो कागद माझ्याकडे आला. त्या वेळी तिथे दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे काय ते बाबांच्या म्हणण्यावरच होतं. साहेब पायरीवरून म्हणाला, "लिहिताना दोन्ही बाजू लिहा बरं का. रिटायरमेंट जवळ आलीय तुमची."

बाबांनी मला सगळं सांगितलं होतं. "डबी बदललीच नाय तर मास्क लावून उपेग काय? माझाबी गळ्यातच होता." मी ते लिहिलं, पण भीती वाटली, बाबांची नोकरी, माझं एकतर्फी लिहिणं. म्हणून तुझ्याकडे पाठवलं. तू नऊ दिलेस. मला वाटलं, डबीचं वाक्य वर आहेच. जो वाचेल तो सगळं वाचेल. तू सगळं वाचतेस ना, म्हणून.

तुझा शेवट जसाच्या तसा उतरवला. बाबांनी वाचूनही घेतलं नाही. "तू लिवलंस ना? मंग बास," म्हणाले आणि सही केली. साहेब म्हणाला, वा, काय मुद्देसूद लिहिलंय, मुलीला शिकवलंत हो. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले.

परवा कंपनीचा अहवाल आला. त्यात आपलं एकच वाक्य आहे, 'प्रत्यक्षदर्शी ज्येष्ठ कामगार सदर निष्कर्षाशी बऱ्याच अंशी सहमत आहेत.' डबी नाही, व्हॉल्व्ह नाही. सुशीलदादा आपल्या चुकीनं मेला. सरूवहिनीला कंपनीत घ्यायचं गावानं ठरवून घेतलं होतं, तेही आता नाही म्हणतात. स्वतःच्या चुकीला कंपनी काय करणार, म्हणे. तिला मुलगी झालीय. ठमाबाईंनी तो कागद आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "वाच गो पोरी. तुला वाचता येतं. माझा पोर्‍या निष्काळजी होता, असं लिवलंय का त्यात?"

मी वाचून दाखवलं, आत्या.

समीक्षा

---

पेण, १९ नोव्हेंबर २०२५

समीक्षा,

तुझं पत्र आल्यापासून मी घरातल्या घरात फिरतेय. मी त्या पोराला नऊ गुणांसाठी दुसऱ्यांदा मारलं. मला बरं वाटावं म्हणून हे खोडून काढू नकोस. समोरचं माणूस मेलेलं असताना मी अक्षर बघत होते आणि शाब्बास लिहीत होते. 'तिथे उभी राहून लिहिलंस' असंही लिहिलं, आणि तरी मला कळलं नाही.

दादाला म्हणावं, मी चिडलेली नाही. येऊन चिडेन.

पण आता रडत बसू नकोस. सगळं अजून संपलेलं नाही. मृत्यू झालाय म्हणजे कंपनीचा अहवाल शेवटचा नसतो, सरकारी चौकशी होतेच. चौकशी अधिकारी दादाला अलिबागला बोलावेल. तिथे दादानं तोंडानं सांगायचं, जे तुला सांगितलं तेच. डबी, व्हॉल्व्ह, सगळ्यांचे मास्क गळ्यात. 'तथापि' नको, 'बऱ्याच अंशी' नको. विचारलं की लेखी वेगळं का, तर सांगायचं, वैशालीनं बदललं, पेणच्या बाईनं. माझं नाव घ्या. मी स्वतः येते. वडखळच्या नाक्यावर थांबेन, तिथून आपण एकत्र जाऊ. दादाकडून रोज म्हणवून घे.

सुशीलनं विचारलं होतं, वाक्य बोललं कोण. त्याला मी ओटीवरचा धंदा म्हटलं होतं.

आत्या

---

रोहा, १४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,

तू वडखळला उतरून गेलीस तेव्हा मला तुझ्याशी बोलता आलं नाही. तू अलिबागच्या त्या कचेरीत बाहेरच्या बाकावर होतीस, आत फक्त मला सोडलं होतं, बाबांना वाचता येत नाही म्हणून. आत काय झालं ते बाबा तुला कधी सांगणार नाहीत. मी सांगते.

जाताना गाडीत बाबा पुटपुटत होते ते तूही ऐकलंस. "डबी बदलली नव्हती सायेब. माझाबी गळ्यात होता." शाळेतल्या मुलासारखे. आत गेल्यावर त्यांनी ते बरोबर म्हटलंही, एका दमात, न चुकता. अधिकारी लिहून घेत होते. माणूस वाईट नव्हता. मला वाटलं, झालं. सुशीलदादा सुटला.

मग कंपनीचा साहेब उठला आणि बाबांच्या सहीचा तो कागद पुढे ठेवला. म्हणाला, "प्रवीणराव, ही सही तुमचीच ना? आणि अक्षर मुलीचं? मग आज तुम्ही वेगळंच सांगताय. म्हणजे चौकशीत मुलीनं खोटं लिहिलं असं धरायचं का? अधिकारी व्हायची तयारी करतात ना ताई? पुढे कागदपत्रांची तपासणी होते, तिथे हे निघालं तर?"

मी उठून उभी राहिले. म्हटलं, साहेब, मी बदललं ते, मी सांगते. बाबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. इतक्या जोरात की बांगडी वाकली.

अधिकारी बाबांना म्हणाले, "तुम्ही शांतपणे सांगा. या कागदातल्या म्हणण्याशी तुम्ही आज कितपत सहमत आहात?"

त्यांनी खरंच 'कितपत' म्हटलं, आत्या.

बाबा म्हणाले, "माझ्या पोरीनं खोटं लिवलेलं नाय. ती शिकलेली हाय. तिनं लिवलंय ते बरोबर हाय."

"म्हणजे सहमत?"

"व्हय. पूर्न."

बाहेर आलो तेव्हा ठमाबाई दाराशीच पायऱ्यांवर बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तुझ्या बाकापासून दूर. त्यांना दारातून सगळं ऐकू आलं होतं. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. ठमाबाई म्हणाल्या, "पोरीसाठी बोल्लास. माझा आसता तर मीबी आसंच बोल्ली आसती," आणि बाळाला घेऊन उठल्या. परतीच्या गाडीत त्या आपल्यापासून लांब जाऊन बसल्या, ते तू पाहिलंस.

बाबा आता शिफ्टवरून येताना गेटवरचा कालचा पेपर मागून आणतात. डब्याखाली घडी करून. ओटीवर टाकतात आणि म्हणतात, "वाच गो." मी उघडत नाही. आई तो उचलून फळीवर ठेवते. सरूवहिनी शेजारच्या ओटीवरून बघत असते.

या पत्रासोबत उत्तर नाही. पुढचा प्रश्न पाठवू नकोस.

सुशीलदादा आज असता तर पहिलं तेच विचारलं असतं, हे वाक्य बोललं कोण. लिहिलं मी, शेवट तुझा, आणि सही बाबांची.

समीक्षा